हॅरोफील्डच्या झोनिंग बोर्डाचा सत्कार

अमेरिकेहून परत आल्यावर बार्शीत जो भेटला त्यानं पहिलं हेच विचारलं, "नायगारा बघितला का?"

बघितला. पाणी आहे. भरपूर आहे. वरून खाली पडतं. त्याच्यावर आजवर इतकं लिहून झालंय की मी आणखी चार ओळी लिहिल्यानं त्या पाण्यात काही भर पडायची नाही.

मी जे बघितलं ते मात्र तिकडं जाऊन आलेल्या एकानंही मला कधी सांगितलं नव्हतं. मी अमेरिकेची ग्रामपंचायत बघितली. नुसती बघितली नाही, तिची एक चालू सभा माझ्या हातून बंद पडली. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून उभी नोकरी काढली, पण बार्शी तालुक्यात हे मला कधी जमलं नव्हतं. तिथल्या सभा सुरूच होत नसत, तर बंद काय पाडणार!

माझ्याबद्दल थोडक्यात सांगतो. मी बी.ए., इतिहास. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वडील आडत बाजारात पोती शिवायचे आणि अंगठा उठवायचे. म्हणून मी जिथं नाव लिहितो तिथं पुढं बी.ए. लिहितो. दारावरच्या पाटीवर आहे, मुलीच्या लग्नपत्रिकेत होतं, आणि व्हिसाच्या अर्जावर नावाच्या रकान्यातही घातलं होतं. ते खोडावं लागलं. वाईट वाटलं.

२००६ साली मे महिन्यात मी आणि आमच्या सौ., सुमन, न्यू जर्सीला मुलीकडे गेलो. मुलगी वैशाली. जावई संदीप, नागपूरचा, कॉम्प्युटरमध्ये. नात ईशा, आठ वर्षांची. हिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत देते.

गाव सापडेना

टाउनशिपचं नाव हॅरोफील्ड. खरं नाव मी बदललंय, का ते पुढं वकील भेटला की कळेल. अर्थ मात्र तोच ठेवलाय. हॅरो म्हणजे कुळव. कुळवाचं शिवार. नाव ऐकूनच मला गाव आपलंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वैशालीला म्हणालो, "मी जरा गावात जाऊन येतो."

"अप्पा, आपण गावातच आहोत."

खिडकीतून बघितलं. घर, हिरवळ, घर, हिरवळ, घर, हिरवळ. माणूस नाही, कुत्रं नाही, टपरी नाही. "हे गाव नाही," मी म्हणालो. "ही कॉलनी झाली. गाव असेल पुढं." आणि कानटोपी घालून निघालो.

चालत राहिलो. रस्त्याला फूटपाथ नाही, कारण चालणारं कुणी नाही. प्रत्येक घरापुढं खांबावर पत्राची पेटी. तपासणीची जुनी सवय, येताजाता मी प्रत्येक पेटीवरचं नाव वाचत होतो आणि पेटीला गंज लागलाय का ते वाकून बघत होतो. एवढ्यात मागून पोलिसांची गाडी आली. आतून उंच, तरणा पोलीस उतरला आणि फार अदबीनं म्हणाला, "सर, हरवलात का?"

"मी हरवलो नाही," मी इंग्रजीत सांगितलं. माझं इंग्रजी सरकारी आहे, पण पक्कं आहे. "गाव हरवलंय."

"तुम्ही गावातच आहात, सर."

"मग चावडी कुठंय? तुमची पंचायत बसते कुठं?"

त्यानं डोकं खाजवलं, मला गाडीत मागं बसवलं आणि टाउन हॉलपुढं नेऊन उभं केलं. लाल विटांची इमारत, पुढं झेंडा, आणि दाराशी काचेचा सूचना फलक! मला गहिवरून आलं. मी सगळ्या सूचना उभ्याउभ्या वाचल्या. बागेतला कचरा कधी उचलणार, कुत्र्याचा परवाना कुठं मिळेल, कुणी कुठं काय बांधायचं ते ठरवणाऱ्या झोनिंग बोर्डाची मासिक सभा, सर्वांसाठी खुली. "सर्वांसाठी खुली" हे मी दोनदा वाचलं. पोलीस बिचारा तोवर गाडीला टेकून उभा होता.

त्यानंच मला घरी सोडलं. दारात सुमन उभी. लाल-निळे दिवे लावलेली गाडी आणि त्यातून उतरणारा नवरा बघून तिनं पदर तोंडाला लावला. "काय केलंत हो? आल्या आल्या?"

"पंचायत सापडली," मी म्हणालो.

संध्याकाळी संदीप घरी आला तोवर त्याला शेजारच्या तिघांचे फोन गेले होते. तो वैशालीला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाला, "यार, ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे ना आपलं."

डॉरथीबाईंचं म्युझियम

समोरच्या घरात डॉरथी नावाच्या बाई राहायच्या. वय ऐंशीच्या घरात, केस पांढरेशुभ्र, आणि पायात पोराटोरांसारखे बूट. टाउनशिपचं इतिहास मंडळ म्हणजे डॉरथीबाई आणि एक किल्ली. जुन्या एका खोलीच्या शाळेत म्युझियम होतं, रविवारी दुपारी उघडायचं. ईशाला दुभाषी म्हणून घेऊन मी पहिल्याच रविवारी गेलो. त्याआधीच्या रविवारी एकही माणूस आला नव्हता, त्यामुळं बाईंनी माझा हातच धरला.

काचेच्या कपाटात एक बटण. शिपायाच्या कोटाचं. एक चमचा. एक नाल. भिंतीला टेकवून खराखुरा लोखंडी कुळव. मग त्या मला बाहेर घेऊन गेल्या आणि एक दगडी हौद दाखवला. तिथं म्हणे त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धात एका सेनापतीचा घोडा पाणी प्यायला होता. हौदाला पितळी पाटी, भोवती साखळी.

"घोडा?" मी विचारलं. "आणि सेनापती?"

"तो पुढच्या गावात प्यायला," बाई जरा पडेल आवाजात म्हणाल्या.

आमच्या बार्शीत भगवंताचं एवढं जुनं मंदिर, त्याच्या भिंतीला टेकून लोक स्कूटर लावतात. आणि इथं घोड्याच्या घोटभर पाण्याला साखळी. मी मनात हसलो, पण बाहेरून नाही, कारण मी इतिहासाचा पदवीधर आहे. हौदाला वाकून नमस्कार केला. ईशा म्हणाली, "आजोबा, इट्स अ बकेट." मी म्हणालो, "असू दे. बकेट तर बकेट."

डॉरथीबाईंनी गावाचा इतिहासही सांगितला. हॅरोफील्ड आधी शेजारच्या मोठ्या टाउनशिपचाच भाग होतं. ओढ्यावरचा पूल कुणी दुरुस्त करायचा यावरून भांडण झालं आणि हे लोक फुटून निघाले.

"आणि पूल?"

"तो नंतरही बरीच वर्षं तसाच होता."

मला बसल्या जागी बार्शी दिसायला लागली. आमच्याकडं गट ग्रामपंचायती फुटतात त्या हुबेहूब याच कारणानं, आणि पूलही असाच राहतो. मी त्यांना आमच्या तीन गावांची भांडणं सांगितली. ईशा भाषांतर करून दमली. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला मंडळाचं सभासद करून घेतलं. आता सभासद दोन झाले.

घराला दोन पुढच्या बाजू

मला गाव सापडलं होतं, पण सुमनचं काय? ती आल्यापासून गप्प होती. "आवाजच नाही हो इथं कसला," म्हणायची. भाजीवाला ओरडत नाही, शेजारीण डोकावत नाही. वैशाली-संदीप कामाला गेले, ईशा शाळेत गेली की घर फ्रिजसारखं. पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, "तिकीट बदलून मिळतं का?"

वैशालीनं ते ऐकलं. रात्री ती माझ्याजवळ बसून म्हणाली, "अप्पा, लग्न झाल्यापासून आई सलग महिनाभरही माझ्याकडे राहिलेली नाही. दिवाळी तरी करून जाऊ दे ना तिला. काहीतरी करा."

तेवढ्यात मिशिगनहून, ट्रॉयहून, वैशालीच्या ओळखीच्या एका काकूंनी पोस्टानं दुधी भोपळ्याचं बी पाठवलं. तिकडं मराठी घरांत दुधीचं बी लग्नाच्या अहेरासारखं फिरतं. सुमननं ते हातात घेतलं आणि त्या महिन्यात पहिल्यांदा नीट हसली. घराच्या बाजूला चांगलं ऊन होतं. तिथं आळी केली, बी लावलं, आणि वेल चार पानांवर आला तसं फर्मान काढलं, "मांडव घाला."

बांबू मिळेना. संदीपला सोबत घेऊन मोठ्या दुकानातून लोखंडी नळ्या आणल्या, कडेला जुन्या पलंगाच्या फळ्या लावल्या, वर वैशालीच्या जुन्या साड्यांच्या चिंध्या बांधल्या. लाल, पिवळी, मोरपंखी. लांबून बघितलं की सत्यनारायण असल्यासारखं वाटायचं. वेल चढायला लागला. सुमन रोज सकाळी चहा घेऊन मांडवाखाली बसायची आणि वेलाशी बोलायची. काय बोलायची ते विचारायची माझी टाप नव्हती, पण "तिकीट" हा शब्द तिच्या तोंडून गेला.

आणि एके दिवशी दाराला पिवळी नोटीस चिकटवलेली. झोनिंग ऑफिसरची. "घराच्या पुढच्या अंगणात विनापरवाना बांधकाम."

"पण हे बाजूला आहे!" मी म्हणालो. "पुढं दार, हे बाजूला. आंधळा आहे का तो?"

संदीपनं नियम वाचून दाखवला. आमचं घर कोपऱ्यावरचं. दोन रस्त्यांना तोंड. टाउनशिपच्या हिशेबानं ज्या ज्या अंगाला रस्ता, ते ते पुढचं अंगण. म्हणजे घराला दोन पुढच्या बाजू, आणि पुढच्या बाजूला काही उभं करायचं नाही. चाळीस गावांची घरांची रजिस्टरं तपासलेला माणूस मी, पण दोन तोंडांचं घर पहिल्यांदाच ऐकलं.

"काढून टाकू ना अप्पा," संदीप म्हणाला. "कशाला लफडं? दुधी एडिसनच्या देशी दुकानात मिळते."

"मिळतो," सुमन आतून म्हणाली. "आणि विमानही मिळतं."

वैशालीचा चेहरा पडला.

"दुसरा मार्ग काय लिहिलाय?" मी विचारलं. प्रत्येक नोटिशीत दुसरा मार्ग असतो, हे मला पंचायत समितीनं शिकवलंय. होताच. झोनिंग बोर्डाकडं सवलतीचा अर्ज करायचा. सभा घेतात, अर्जदाराचं ऐकतात आणि मत टाकतात.

"जाऊया," मी म्हणालो. "सभा सर्वांसाठी खुली आहे. मी फलकावर वाचलंय."

अर्जाची एक अट होती, आसपासच्या सगळ्या घरांना सभेची लेखी सूचना द्यायची. पोस्टानं नाहीतर हातोहात. संदीप पोस्टानं म्हणत होता. मी म्हणालो, शेजाऱ्याला कुणी पोस्टानं बोलावतं का? मी आणि सुमन घरोघर गेलो. सूचनेसोबत प्रत्येकाला रव्याचे दोन लाडू. एक दाढीवाले गृहस्थ इतकी वर्षं आमच्या मागच्याच घरात राहत होते, पण त्यांचं नाव संदीपला त्या दिवशी कळलं. लाडू खाऊन त्यांनी विचारलं, "सभेतही मिळणार का?"

"देखेंगे," सुमन म्हणाली. परक्या माणसाशी बोलताना तिला हिंदीच सुचतं.

सभा

जुलैच्या त्या संध्याकाळी टाउन हॉलचं सभागृह भरलं होतं. एरवी तिथं दोन-तीन टाळकी असतात म्हणे. लाडवांचा गुण. समोर उंचावर बोर्डाचे सदस्य, प्रत्येकापुढं नावाची पाटी, पाण्याचा ग्लास, माइक. सातांतली एक जागा रिकामी, सहा हजर. मधोमध अध्यक्ष फ्रँक. डोक्याला टक्कल, पोट मोठं, तोंडावरून सुखवस्तू. एका टोकाला बोर्डाचा वकील, काडीसारखा, गळ्याला बो.

सगळे झेंड्याकडं तोंड करून उठले, छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणाले. मीही उठलो आणि सावधानमध्ये उभा राहिलो. मग खाली बसून वाट बघत होतो. आता प्रास्ताविक होईल. आता पाहुण्यांचं स्वागत होईल. तर त्यांनी एकदम पहिला विषय पुकारला! कुणाच्या तरी गॅरेजचं छप्पर. मग दुसरा, कुंपणाचा. मी वैशालीच्या कानात म्हणालो, "अगं, सत्कारच विसरले हे लोक."

"अप्पा, इथं नसतं तसं."

"नसतं म्हणजे? एवढी माणसं कामं सोडून बसलीत, फुकट. पगार नाही त्यांना, तूच सांगितलंस. त्यांचा मान नको?"

मी तयारीनं आलो होतो. बार्शीहून निघताना द्यायला-घ्यायला म्हणून सोलापुरी चादरी आणल्या होत्या, त्या पिशवीत होत्या. खाली एडिसनच्या दुकानातले नारळ. आमच्याकडं सभा म्हटली की सत्कार आधी. काम नंतर, झालं तर. यात कुणाला काही मागायचं नसतं. मान द्यायचा असतो. माझ्या नोकरीत मी शेकड्यांनी शाल-नारळ दिले असतील, घेतले असतील चार-दोन.

आमचा नंबर आला. वैशालीनं शपथ घेतली, मांडवाचे फोटो दाखवले. फुलं लागली होती, फळ अजून धरायचं होतं. छान बोलली पोरगी. मग फ्रँकसाहेबांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय का?"

मी उठलो. पिशवी घेऊन माइकपाशी गेलो.

"रिस्पेक्टेड चेअरमन साहेब, मेंबर्स ऑन द डायस अँड ऑफ द डायस," मी सुरुवात केली. मागून दाढीवाल्यांनी टाळी वाजवली. "विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट, फर्स्ट आय शॅल डू द नीडफुल."

आणि मी वर चढलो.

फ्रँकसाहेबांच्या खांद्यावर चादर टाकली, लाल-काळी, मोरांची, डबलबेडची. हातात नारळ दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, जसं कुणी अचानक तान्हं मूल हातात दिल्यावर घेतं. पुढच्या बाईंना चादर, नारळ. बाईंनी तर मान पुढं केली, हौशी होत्या. तिसऱ्यांना चादर, नारळ. लोक टाळ्या वाजवायला लागले. सुमननं बसल्या जागेवरून सांगितलं, "अहो, घडी नीट घाला, मोर उलटा पडलाय!"

चौथ्याच्या खांद्यापर्यंत चादर गेली आणि वकील ओरडला. काडीएवढ्या माणसातून एवढा आवाज येईल असं वाटलं नव्हतं. "थांबा! कुणीही हात लावू नका! नारळ खाली ठेवा!"

फ्रँकसाहेबांनी नारळ टेबलावर ठेवला. तो घरंगळत गेला आणि वकिलाच्याच पाण्याच्या ग्लासाला लागून थांबला.

मी खाली माइकपाशी आलो, आणि पुढचं मला धावत आलेल्या ईशानं हळूच समजावलं. "आजोबा, दे थिंक यू गेव्ह देम अ ब्राइब."

लाच! मी! मी माइक घट्ट धरला. "साहेब, लाच टेबलाखालून देतात. ही मी सगळ्या गावादेखत दिली!"

लोक हसले. फ्रँकसाहेबही हसले, मग वकिलाकडं बघून थांबले. पण वकिलाचा मुद्दा पक्का होता. ज्यांच्या अंगावर चादर पडली त्यांना आता या अर्जावर मत देता येणार नाही. तिघं बाद. उरले तिघं. मत घ्यायला चौघं लागतात. गणसंख्या नाही. विषय पुढच्या सभेवर तहकूब!

"गणसंख्या" आणि "तहकूब" हे दोन शब्द, इंग्रजीत का होईना, कानावर पडले आणि परमुलखात मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पण संदीपच्या तोंडाकडं बघितलं आणि ते वाटणं आवरतं घेतलं.

गाडीत संदीप म्हणाला, "अप्पा, एक विचारू? चादरच का? काहीतरी छोटं नव्हतं?"

"डबलबेडची," वैशाली म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. एवढं फुटलं की संदीपला गाडी बाजूला घ्यावी लागली. मग तोही. सुमन तेवढी गंभीर. "मांडव काढायचा का मग?" तिनं विचारलं. हसणं बंद झालं.

दहिवर

उत्तर दोन दिवसांनी झोनिंग ऑफिसर स्वतःच घेऊन आला. जाडजूड, घामेजलेला माणूस. मी दार अडवूनच उभा राहिलो.

"मांडव काढणार?" मी विचारलं.

"काढता येत नाही," तो म्हणाला. "अर्ज बोर्डापुढं पडून आहे. निकाल लागेपर्यंत मला त्याला हात लावायची सोय नाही."

"मग सभा पुढच्या महिन्यात?"

"ऑगस्टात सुट्टी असते."

"सप्टेंबर?"

"फ्रँकचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. आणि वकील म्हणतो, ज्यांना चादर मिळाली नाही असे बदली सदस्य शोधावे लागतील."

मी आत जाऊन सुमनला सांगितलं. तिनं आयुष्यभर माझ्या खात्याला शिव्या दिल्या होत्या, की तुमच्याकडं एक काम वेळेवर होत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा ती म्हणाली, "किती चांगली असतात हो ही ऑफिसं." आणि त्या ऑफिसरला ताक दिलं.

ऑगस्टात दुधी धरले. ते आमच्याकडल्या दुधीसारखे नव्हतेच. अमेरिकेची माती, अमेरिकेचं पाणी. हातभर लांबले, मग मांडीएवढे झाले, आणि मांडवातून असे लोंबायला लागले की रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या वेग कमी करायच्या. दुधीची भाजी झाली, कोफ्ते झाले, थालीपीठ झालं, हलवा झाला. संदीपनं हात जोडले. मग वाटप सुरू झालं. दाढीवाल्यांना दोन. पोलिसाला, ज्यानं मला गाव दाखवलं होतं, त्याला एक. त्यानं गाडीत मागच्या सीटवर, मी बसलो होतो तिथंच, पट्टा लावून ठेवला. बोर्डाच्या माणसांना मात्र एकही नाही. ऑपरेशननंतर फ्रँकसाहेब कुबडीवर फिरायला निघायचे, आमच्या कोपऱ्यावर थांबायचे, दुधींकडं बघायचे आणि उसासा टाकून पुढं जायचे. सुमन त्यांना लांबूनच नमस्कार करायची. पायरी सोडून खाली उतरायची नाही, न जाणो, वकील झुडपात असायचा.

मांडवाखाली आता खुर्च्या वाढल्या होत्या. डॉरथीबाई रोज यायच्या. सुमनला इंग्रजी नाही, त्यांना मराठी नाही, आणि दोघी तासन् तास बोलायच्या. आवाज नाही म्हणणारी आमची सौ., तिचा आवाज मला पोस्टाच्या पेटीपर्यंत ऐकू यायचा.

ऑक्टोबरात दिवाळी झाली. मांडवाला आकाशकंदील टांगला, समोर पणत्या, बाजूला दाढीवाल्यांनी आणून ठेवलेले त्यांच्या सणाचे डोळेवाले भोपळे. दोन्हीकडचे भोपळे एकाच मांडवाखाली. आणि त्यानंतर एका सकाळी उठलो तर सगळं शिवार पांढरं. दहिवर गोठून पडलं होतं. वेल एका झटक्यात काळा ठिक्कर. सुमननं बियाला ठेवलेला शेवटचा दुधी उतरवला, चिंध्या सोडल्या, नळ्या मोजून गॅरेजमध्ये रचल्या. "झालं त्याचं," म्हणाली. रडली नाही. वैशालीच रडली, आणि आईला मिठी मारून म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात बी तूच लावायचं." सुमन म्हणाली, "बघू. तिकीट काढ तू."

त्या आठवड्यात सभा होती. बदली सदस्य सापडले होते. फ्रँकसाहेबही, मत नसलं तरी, कुबडी घेऊन आले होते. विषय पुकारला. वैशाली उठली. "अर्ज मागे घेते. मांडव नाही आता."

सगळ्यांची तोंडं उतरली. वकिलानं माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. "हे तुम्ही ठरवून केलं होतं का?"

मी नुसता बी.ए. माणसासारखा हसलो.

पण एक भानगड उरली होती. चादरी आणि नारळ. वकिलानं ते त्या दिवशीच कपाटात कुलूपबंद केले होते. सदस्यांना ठेवता येत नाहीत. मला परत घ्या म्हणाले होते, मी घेतले नाहीत. दिलेला सत्कार परत घेतात होय? त्यामुळं नियमानं ते टाउनशिपच्या मालकीचे झाले होते. आता त्यांचं करायचं काय? एक सदस्य म्हणाला लिलाव करू. तेव्हा मागून डॉरथीबाई उठल्या. "इतिहास मंडळ घेईल," म्हणाल्या. "आमच्या सभासदांची बैठक झालीय. ठराव एकमतानं मंजूर आहे."

आमची बैठक आमच्याच मांडवाखाली झाली होती. सूचक मी, अनुमोदक त्या.

निघायच्या आदल्या रविवारी आम्ही सगळे म्युझियममध्ये गेलो. काचेच्या कपाटात बटण, चमचा, नाल, आणि त्यांच्या शेजारी घडी घालून एकावर एक ठेवलेल्या तिन्ही सोलापुरी चादरी, वरच्या चादरीचा मोर सुलटा. तिच्यावर तीन नारळ. पुढं पुठ्ठा, त्यावर डॉरथीबाईंच्या वळणदार अक्षरात, "हॅरोफील्ड टाउनशिपला सप्रेम भेट". खाली नाव. त्यांनी मला आधीच विचारलं होतं, नाव कसं लिहू? मी सांगितलं होतं, आमच्याकडं लिहितात तसं, पूर्ण.

दत्तात्रय सोपान ढवळे, बी.ए.

सोपान म्हणजे माझे वडील. पोती शिवणारे. बार्शीत कुठल्याही पाटीवर त्यांचं नाव कधी आलं नाही. मी ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसायला बाहेर हौदापाशी गेलो.

परत आल्यावर जानेवारीत वैशालीचा फोन आला. हसत होती. "अप्पा, डॉरथी घाबरून गेल्यात. थंडी म्हणून म्युझियममध्ये हीटर लावलाय. काल तिथं मोठ्ठा आवाज झाला. बघतात तर काचेच्या आत नारळ आपोआप फुटलाय. दोन तुकडे. त्या विचारतायत, आता काय करायचं? अशुभ तर नाही ना?"

मी सुमनला सांगितलं. ती तिकडून आणलेला बियाचा दुधी हलवून बघत होती, आतलं बी वाजतं का ते. मान वर न करता म्हणाली, "अशुभ कशाला? उद्घाटन झालं म्हणावं. खोबरं वाटून टाका."

"आणि पहिला तुकडा," मी फोनवर सांगितलं, "त्या वकिलाला द्या."